नोंद क्रमांक चौदा

कामतघर, भिवंडी
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिना,
सप्रेम जय भीम.

तुझं पाकीट मिळालं. प्रबंधाची चार पानं, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आणि वर पिवळी चिठ्ठी: ‘मावशी, नुसती सही कर आणि फोटो काढून पाठव.’ सही केलेली नाही. फोटोही काढलेला नाही. तुझे तीन फोन आले तेव्हा मी घरातच होते. फोनवर माणूस ‘बरं बरं’ म्हणतो आणि सुटतो. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी आम्हाला पत्र लिहायला शिकवलं ते असं: आधी तारीख, मग मुद्दा, तब्येत शेवटी. तर मुद्दा.

नोंद क्रमांक चौदा काढून टाक.

आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री असावी म्हणून तुझी वाक्यं इथे उतरवते. ‘वनस्पती क्र. १४. मधुमेही पुरुष, वय ६७, डाव्या तळपायाला जखम. ताज्या पानांचा लेप. तीन आठवड्यांत जखम भरून आली. पानाचा अर्क जंतूंची वाढ रोखतो हे माहिती देणाऱ्या व्यक्तीने स्वतः प्रयोगशाळेत पाहिले आहे. माहिती देणारी व्यक्ती: श्रीमती संघरत्ना, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भिवंडी.’

‘श्रीमती’ तेवढं बरोबर लिहिलंस. माणूस गेल्यावर बाईच्या नावामागे काय लावायचं ते सगळ्यांना अचूक कळतं. तो माणूस गेला हे मात्र तुझ्या नोंदीत कुठेच नाही.

बाकीची वाक्यं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. माझ्याच २ ऑगस्ट २०२३च्या पत्रातून तू ती घेतलीस. त्या तारखेला ती खरी होती. तुझ्या प्रबंधात माहिती देणारे चोवीस जण आहेत. त्यातले तेवीस रानातले, अंगठा उठवणारे. चोविसावी मी, इंग्रजी सही करणारी. तुझ्या गाइड मॅडमना माझीच नोंद का आवडली असेल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ज्या बाईने पान दिलं, त्या जाईबाईचं नाव चारही पानांत नाही. ती बहुधा झाडाबरोबर उगवली असेल.

तब्येत ठीक. रक्तदाबाची गोळी घेते. तुझ्या काकाचं इन्सुलिनचं पेन अजून फ्रीजच्या दारात आहे. मुदत कधीच संपली. काढून टाकायला हवं हे रोज दार उघडलं की दिसतं. मग दार लावते.

तुझी,
संघामावशी

*

मुलींचं वसतिगृह, नाशिक
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,
जय भीम.

पत्र लिहायला मी विसरलेय, त्यामुळे चुका काढू नकोस. काढशीलच.

काका गेले हे मी नोंदीत लिहिलं नाही, कारण त्याचा पानाशी संबंध नव्हता. तूच सांगितलं होतंस, झटका आला. हृदयविकाराने गेलेल्या माणसाच्या पायाची जखम त्याआधी जवळजवळ दोन महिने भरली होती, तर ती भरलीच ना?

तुला खरं सांगते, संपूर्ण प्रबंधात चौदा नंबरइतकं चांगलं काही हाती लागलं नाही. तू टपालाने पाठवलेल्या वाळलेल्या पानांचा अर्क मी गेल्या वर्षी जांभळ्या द्रावणात घातला. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तर जांभळा रंग उडून द्रावण पिवळं पडतं. बाकीच्या पाल्यांना अर्धा तास लागला. तुझं पान चार मिनिटांत पिवळं. मी लॅबमध्ये एकटीच होते आणि मोठ्याने ओरडले. जंतूंच्या प्लेटवर अर्काभोवती चौदा मिलिमीटरचं, जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. तुझ्या प्लेटवरही चौदाच होतं, तू लिहिलं होतंस. दोन वेगळ्या हातांनी केलेलं काम इतकं जुळणं किती दुर्मीळ असतं हे तुला मी सांगायला नको.

प्रबंध ३१ मार्चला द्यायचा आहे. चौदा काढली तर एक संपूर्ण प्रकरण पडतं. मॅडम म्हणतात, तंत्रज्ञ बाईंची साक्ष आहे म्हणून लोक विश्वास ठेवतील. जाईबाईंचं नाव आजच घालते, ती माझी चूक.

पण सही कर ना. की माझ्यावर कशाचा तरी राग आहे?

तुझी,
दिना

*

कामतघर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय दिना,
सप्रेम जय भीम.

झटका आला नव्हता. मी तुला आणि सगळ्यांनाच खोटं सांगितलं. नरेंद्र पायाने गेला. तळव्यातून हाडात, हाडातून रक्तात. २१ सप्टेंबरला ताप भरला, २२ला डॉक्टर म्हणाले गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, २६ला पहाटे ज्याचा पाय काढायचा तो माणूसच उरला नाही. ‘कार्डिअॅक अरेस्ट’ असं दाखल्यावर लिहिलंय. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. मला तो शब्द सोयीचा वाटला म्हणून घरी आणला.

आता पहिल्यापासून ऐक.

जूनअखेर त्याच्या तळव्याला लूमच्या पत्र्याचा तुकडा लागला. साखरेने पाय बधिर झालेला, त्याला कळलंच नाही. मला फरशीवर रक्त दिसलं. दवाखान्यात पट्टी केली, गोळ्या दिल्या, आठ दिवसांत फरक नाही. निजामपुऱ्यात तो ज्यांच्याकडे फिटर होता त्यांच्या कारखान्यात कोणीतरी सांगितलं, अंबाडी नाक्यावर सोमवारी एक कातकरी म्हातारी रानभाज्या घेऊन बसते, ती पान देते. मी हसले. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या लॅबमध्ये लोकांच्या जखमांचे स्वॅब लावलेली बाई मी. तो म्हणाला, “तू हस, मी जातो.” मग मीही गेले.

जाईबाईची पद्धत अशी. रोग्याने स्वतः यायचं. ती आपली टोपली बाजूला सारायची, त्याचा पाय मांडीवर घ्यायची, जखमेवर आपला तळहात उपडा धरायची आणि मग तो तळहात नाकाशी न्यायची. डोळे मिटून. मग सात दिवसांची पानं मोजून रोग्याच्याच हातात. बायकोच्या हातात नाही. पानाचं नाव विचारायचं नाही. आठव्या दिवशी पुन्हा यायचं, पुन्हा पाय, पुन्हा तळहात. १० जुलै, १७, २४. तीन सोमवार. जखम खरंच भरत आली. तिसऱ्या आठवड्यात मी पानं घेऊन आमच्या जुन्या लॅबमध्ये गेले. तिथली मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. प्लेटवर वर्तुळ दिसलं आणि तुला ते उड्या मारणारं पत्र लिहिलं.

आता जे लिहिलं नव्हतं ते. तो भिवंडी-वाडा रस्ता तू पाहिलायस. पावसात रिक्षा खड्ड्यातून उडते आणि जखम पुन्हा ओली होते. ३१ जुलैला मी एकटीच गेले. जाईबाई म्हणाली, “पाय कुठं हाय?” म्हटलं, घरी आहे, बरा आहे, तू पानं दे. “पायाबिगर पान न्हाय.” मी तिला सांगितलं की मी कोण आहे, प्लेट काय असते, चौदा मिलिमीटर म्हणजे काय. ती शांतपणे काकडाची आंबट फळं निवडत राहिली. शेवटी म्हणाली, “बाय, तुझा माणूस आन. तू नको.”

मला काय संताप आला! मला वाटलं, हा भगतपणा आहे, मांत्रिकाची गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती. मी तिच्या सुनेला, पार्वतीला, गाठलं. एक नवी साडी दिली. तिने पिशवीभर पाला आणून दिला. मी तो सावलीत वाळवला, बरण्या भरल्या, एक पुडा तुला पाठवला. पुढचे सात आठवडे रोज सकाळी मीच लेप लावला.

मी पानाची परीक्षा घेतली. त्या पायाचा स्वॅब एकदाही घेतला नाही. लॅबमधल्या पोरींनी असं केलं असतं तर मी त्यांना दाराबाहेर उभं केलं असतं.

म्हणून चौदा काढ. राग तुझ्यावर नाही.

संघामावशी

*

नाशिक
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन चाचणी पुन्हा लावली. तीनदा. शेजारी नुसत्या द्रावकाची कोरी चकती ठेवून. कोरीभोवती काही नाही. पानाच्या चकतीभोवती चौदा, पंधरा, चौदा. वाळलेल्या पानातही गुण उतरतो. तेव्हा तू लावलेला लेप खोटा नव्हता. तू काही चुकीचं पान लावलं नाहीस. हे तुला कळावं म्हणून मी ते केलं. स्वतःला दोष देऊ नकोस गं.

मॅडमशी बोलले. सगळं नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, नोंदीखाली एक ओळ घालू: ‘रुग्णाविषयी पुढील माहिती उपलब्ध नाही.’ असं सगळेच करतात. चालेल का?

आणखी एक सांगायचंय. हे मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. जानेवारीतल्या परिषदेत आम्ही चौदा नंबरचं पोस्टर लावलं. तुझं नाव होतं, तू पाठवलेले पायाचे आधीचे-नंतरचे फोटो होते. कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि आता तो मोबाइलवर फिरतोय. ‘मधुमेहाच्या जखमेवर रानातला रामबाण. तीन आठवड्यांत गुण. भिवंडीच्या तज्ज्ञ बाईंचा अनुभव. पान अंबाडी नाक्यावर मिळते.’ शेवटची ओळ आमची नाही. पण बाकीचं आमचंच आहे.

मला दोन फोन आले. दोन्ही भिवंडीतून. मी सांगितलं, डॉक्टरांना विचारा. त्यांनी फोन ठेवला.

दिना

*

कामतघर
११ मार्च २०२५

दिना,

‘माहिती उपलब्ध नाही.’ माहिती इथे कामतघरला, पहिल्या मजल्यावर, पंख्याखाली बसलेली आहे. तिला पत्ता आहे, पिनकोड आहे. तुझ्या मॅडमना सांग.

काल सोमवार होता. अंबाडीला गेले. दीड वर्षात पहिल्यांदा.

जाईबाई तिथेच बसली होती. पुढ्यात चिंचा आणि मोहाच्या फुलांचा ढीग. तिच्यापुढे सहा माणसं, आणि त्यातल्या चौथ्या माणसाला मी ओळखते. मोहिउद्दीन शेठ. नरेंद्र ज्यांच्या लूमवर बावीस वर्षं होता तेच. सून सुरैयाला घेऊन आले होते. त्यांच्या उजव्या पायाला पट्टी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“भाभी! आपका नाम देखके तो आया मैं. सुरैयाने मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलं, नरेंद्रभाईंच्या घरचं नाव आहे, मग बात पक्की.”

त्यांची पाळी आली तेव्हा जाईबाईने त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळहात धरला, नाकाशी नेला. आणि पाय खाली ठेवला.

“न्हाय,” ती म्हणाली. “आतून कुजलाय. माझं पान वरचं काम करतं. हाडाला लागलं का डागदर.”

सुरैया मोबाइल पुढे करून म्हणाली, “अहो आजी, यात लिहिलंय ना तीन हफ्ते.”

“त्या डबीला नाक हाय का?” जाईबाई म्हणाली.

मागचे दोघं हसले. शेठ हसले नाहीत. ते मला म्हणाले, “भाभी, आप बोलो ना इनको. तुम्ही सांगितलं तर देईल. डॉक्टर दोन बोटं काढायची बोलतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नरेंद्रभाईंचा पाय तर अच्छा झाला होता ना? त्यांचं तर दिल का था.”

मी नाक्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं. दिल का नव्हतं. पायाचं होतं. पान मीच लावत होते. आजच्या आज दवाखान्यात जा. माझा आवाज मला लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवायचे तसा ऐकू आला. सुरैयाने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि रिक्षाला हात केला. जाताना शेठ एवढंच म्हणाले, “मैं कब्र तक आया था, तब भी नहीं बताया आपने.” आमच्यात कब्र नसते, पण मी काही दुरुस्ती केली नाही.

गर्दी पांगल्यावर जाईबाईने मला बसायला पोतं दिलं.

“मेला?”

“हो.”

“पाला पार्वतीनं दिला. मला मागून कळला. मी तिला मारली.” ती चिंचा सोलायला लागली. मग म्हणाली, “पर बाय, तू रोज त्याच्या पायाजवळ बसलीस. वास आला असंल की. मेलेल्या उंदरासारखा येतो. गल्लीला येतो. तुला कसा न्हाय आला?”

दिना, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मला वास येत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये करोना झाला तेव्हा गेला, तो परत आलाच नाही. फक्त नरेंद्रला माहीत होतं. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, हे तोच बघायचा. मी इतरांना सांगितलं नाही कारण मला लाज वाटली. लॅबमध्ये माझं नाक प्रसिद्ध होतं. प्लेटचं झाकण उचललं की गोडसर, सडक्या द्राक्षांसारखा वास आला तर कोणता जंतू ते मी रिपोर्टच्या आधी सांगायचे. पोरींना प्लेट हुंगायला मनाई होती आणि मी स्वतः हुंगत असे. म्हातारी तळहाताने तेच करत होती. मी तिला भगत म्हटलं.

आणि अजून एक. ऑगस्टच्या शेवटी समोरच्या दारातली कमळा नरेंद्रला बघायला आली. उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि तिने नाकाला पदर लावला. माझी आई रस्त्याने जायची तेव्हा गावातल्या बायका असाच पदर लावायच्या. मी सात वर्षांची होते, विसरलेले नाही. मी कमळाला म्हटलं, “आमच्या घराची घाण वाटत असेल तर बाहेर हो.” आणखीही बरंच म्हटलं. सगळ्या चाळीला ऐकू गेलं. त्यानंतर आमच्याकडे कोणी आलं नाही, आणि कोणी काही बोललं नाही. बोलेल कसं?

चुलीत जाऊ दे तुझी एक ओळ. पण आता चौदा काढूही नकोस. काढलीस तर मोबाइलवर फिरतंय तेवढंच जगात उरेल.

संघामावशी

*

नाशिक
१७ मार्च २०२५

प्रिय मावशी,

मॅडमना तुझी तिन्ही पत्रं वाचायला दिली. त्या रागावल्या, मग कागद घेऊन लिहायला बसल्या. पोस्टर मागे घेतल्याचं पत्र आज परिषदेकडे गेलं. मोबाइलवरचं मागे घेता येत नाही. मी मुदत वाढवून मागितली आहे. जूनपर्यंत मिळेल. तोवर शिष्यवृत्ती नसेल, ते मी बघून घेईन.

चौदा नंबर तू लिही. तुझ्या लॅबच्या पद्धतीने, तुला हवी तशी. मी एक शब्द बदलणार नाही, असं मॅडमकडून लिहून घेतलंय.

तुला वास येत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. दोन दिवाळ्या तुझ्याकडे काढल्या. तू प्रत्येक वेळी विचारायचीस, “करंजीचा खमंग वास सुटला का गं?” मला वाटायचं, तुला कौतुक हवंय.

एक विचारू? पाय वास मारतोय हे चाळीत अजून कोणाला कळलं होतं, ते नोंदीत यायला हवं. कमळाकाकूंशी बोललीस का?

दिना

*

कामतघर
२ एप्रिल २०२५

प्रिय दिना,
सप्रेम जय भीम.

नोंद अशी.

‘वनस्पती क्र. १४. पान देणारी: जाईबाई, अंबाडी. पानाचे नाव सांगण्याची तिची प्रथा नाही, म्हणून येथे दिलेले नाही. रुग्ण: नरेंद्र, वय ६७, मधुमेह, डावा तळपाय. १० ते ३० जुलै २०२३: पान देणारी दर आठवड्याला जखम हुंगून पान देत होती. जखम भरत होती. ३१ जुलैपासून: रुग्णाच्या पत्नीने पान देणारीला टाळून पाला मिळवला व स्वतः लावला. जखम हुंगली गेली नाही. स्वॅब घेतला गेला नाही. वरून खपली, आत पोकळी. २६ सप्टेंबर २०२३: मृत्यू, जंतुसंसर्ग रक्तात गेल्याने. प्लेटवर पानाचा गुण: १४ मिमी. हा गुण खरा आहे. प्लेटवरच्या जंतूंखाली हाड नसते. वास: ऑगस्टअखेर शेजारणीला आला. माहिती देणाऱ्या व्यक्तीला वास येत नाही.’

शेजारणीची ओळ लिहिण्याआधी मला ती खरी आहे का ते बघायला हवं होतं. ऐकीव गोष्ट मी रिपोर्टमध्ये कधी घातली नाही. म्हणून काल कमळाकडे गेले. दीड वर्षात समोरच्या दारात सात पावलं टाकली नव्हती.

ती तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप थांबलं.

“कमळा, त्या दिवशी तू पदर लावलास तो पायाच्या वासाने ना?”

ती म्हणाली, “मंग कशानं लावणार ताई? तुमच्या घरात मी वीस वरसं जेवले. तुमच्या हातचं सुकट खाल्लंय मी.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलू दिलात?”

मी म्हटलं, दिलं नाही. माझं चुकलं. ती पाखडायला लागली, पुन्हा थांबली. म्हणाली, “दुसऱ्या दिवशी मी बोलणारच होते. शिव्या खाईन पर सांगीन, असं ठरवून उठले. पर भाऊ नळावर आले.”

“कोण?”

“तुमचे. नरेंद्रभाऊ. काठी टेकत. म्हणाले, वहिनी, तिच्या बोलण्याचा राग धरू नका. आणि तिला सांगू पण नका. मी म्हटलं, अहो भाऊ, पाय सडतोय. म्हणाले, मला ठाव हाय. मला वास येतो की. तिला कळलं तर उद्या मला दवाखान्यात नेईल, आणि तिथं पाय कापतील. पाय गेल्यावर मी खाटेवर पडून तिच्याकडून सगळं करून घेऊ? हिंडतोय तवर हिंडू द्या. तिला येत न्हाय तेच बरं हाय.” कमळाने पदराने तोंड पुसलं. “हात जोडले ओ ताई त्यांनी माझ्यासमोर. येवढा मोठा माणूस. मी काय करू?”

मी तिला विचारलं, तारीख आठवते का. ती म्हणाली, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. म्हणजे ३१ ऑगस्ट. तेव्हा दवाखान्यात नेलं असतं तर पाय गेला असता आणि तो राहिला असता. मोहिउद्दीन शेठची दोन बोटं काढली. सुरैयाने कळवलं, बाकीचा पाय वाचला, शेठ घरी आहेत आणि सगळ्यांवर ओरडतात.

घरी येऊन बसले. त्या महिन्यात नरेंद्र बुद्धमूर्तीपुढे सकाळी आणि संध्याकाळी अगरबत्ती लावायचा, एक संपली की दुसरी. मी त्याला म्हणायचे, म्हातारपणी भलतीच श्रद्धा वाढली तुझी. तो हसायचा. खिडकीही उघडी ठेवायचा, पाऊस आत आला तरी. मी ओरडून लावून घ्यायचे.

तर शेवटी एक ओळ वाढव: ‘रुग्णाला वास येत होता.’ कमळाचं नाव साक्षीदार म्हणून घाल, मी तिला विचारलंय. आता सही करून पाठवते आहे. इंग्रजीत नाही केली.

तब्येत ठीक. जेवते. झोप लागते. मला त्याचा राग यायला हवा, मी वाट बघते आहे. अजून आलेला नाही. आला की कळवीन.

तुझी,
संघामावशी